एक्स-रेच्या आधी पाजतात ते बेरियम पाण्यात आलं तर

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकी हातात एक कागद घेऊन आल्या. गोव्यातल्या डिचोलीत आमच्या वाड्यावर नळ आहेच, पण काकींच्या कुळागरासाठी, म्हणजे पोफळीच्या बागेसाठी, मारलेली बोअरही आहे. नळ गेला की घरातही तेच पाणी वापरतात. मुलाने त्या पाण्याची तपासणी करून घेतली होती. कागदावर तीसेक ओळी, त्यातली एकच लाल शाईतली: बेरियम, मर्यादेपेक्षा जास्त.

"टीचर, हे तेच ना? आमच्या ह्यांच्या पोटाचा फोटो काढायच्या आधी पेलाभर पाजलं होतं ते?" काकींनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग इस्पितळात चालतं, आणि बोअरच्या पाण्यात का चालत नाही?"

मी अठ्ठावीस वर्षं उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न वर्गात मला कुणी विचारला नव्हता. पेलाभर दुधासारखं पांढरं बेरियम प्यालेला माणूस ठणठणीत घरी येतो, आणि लिटरमागे एका मिलिग्रॅमच्याही आत असलेल्या त्याच धातूसाठी कागदावर लाल शाई उमटते. त्या दिवशी काकींना मी जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

बेरियम हा धातू कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या घराण्यातला. ज्या कॅल्शियममुळे पाणी जड होतं, साबणाला फेस येत नाही आणि गिझरच्या कांडीवर पांढरा थर बसतो, त्याचाच हा वजनदार भाऊ. नावही ‘जड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे. १८०८ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने विजेच्या साहाय्याने हा धातू पहिल्यांदा सुटा केला. निसर्गात मात्र तो कधीच एकटा सापडत नाही, कुणाशी तरी जोडी जमवूनच राहतो. ती जोडी कुणाशी जमली आहे, यावरच त्याचं सगळं वागणं ठरतं.

गोव्यात दहावीला शिकलेल्या कुठल्याही मुलाने यातली एक जोडी डोळ्यांनी पाहिलेली असते. सोडियम सल्फेटच्या द्रावणात बेरियम क्लोराइडचं द्रावण ओतायचं. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ, पण एकत्र येताच दुधासारखी पांढरी होतात आणि थोड्या वेळाने तळाशी साका बसतो. तो साका म्हणजे बेरियम सल्फेट. काकींच्या यजमानांनी इस्पितळात प्यायलं ते हेच. लिटरभर पाण्यात ते जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळतं, जठरातल्या आम्लालाही दाद देत नाही. तोंडावाटे गेलं, आतड्यांच्या आतून लेप देत पुढे सरकलं, एक्स-रे अडवून फोटोत पांढरं दिसलं आणि शौचावाटे बाहेर पडलं. रक्तात जवळजवळ काहीच उतरलं नाही.

बेरियम क्लोराइड मात्र लिटरमागे साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास विरघळतं. ते पोटात गेलं की सरळ रक्तात उतरतं. बेरियम कार्बोनेट फसवं. पाण्यात ते फारसं विरघळत नाही, म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण जठरातलं आम्ल भेटलं की विरघळून मोकळं होतं. उंदरांचं औषध म्हणून ते पूर्वी वापरलं जाई, ते याच गुणामुळे. २००३ साली ब्राझीलमध्ये एक्स-रेसाठीच्या बेरियम सल्फेटमध्ये हे कार्बोनेट मिसळलेलं निघालं आणि तपासणीला गेलेले कितीतरी रुग्ण दगावले. म्हणजे काकींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं: इस्पितळातलं बेरियम बांधलेलं असतं, पाण्यात विरघळलेलं बेरियम सुटं असतं.

सुटं बेरियम शरीरात करतं काय? आपल्या नदीकाठच्या खाजन जमिनींच्या बांधांना मानस, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची झडप, असते, ती आठवा. ओहोटीला तिची दारं उघडतात, शेतातलं पाणी नदीत जातं. भरतीला ती आपोआप मिटतात. आपल्या स्नायूंच्या आणि हृदयाच्या पेशींनाही अशी बारीक दारं असतात आणि त्यांतून पोटॅशियम बाहेर पडतं. त्या ये-जा करण्यावरच स्नायूचं आकुंचन आणि हृदयाचा ठोका चालतो. बेरियमचा कण आकाराने जवळजवळ पोटॅशियमएवढाच असतो, त्यामुळे तो त्या दारात शिरतो. पण त्याच्यावर विद्युतभार दुप्पट, म्हणून तो पलीकडे जात नाही, आतच रुतून बसतो. मानशीच्या तोंडात ओंडका अडकावा तसं. दुसऱ्या बाजूने पेशीचा पंप पोटॅशियम आत ओढतच राहतो. बाहेर जायची वाट बंद, आत ओढणं चालू, मग रक्तातलं पोटॅशियम झपाट्याने घसरतं. उलट्या, जुलाब, पोटात कळा, मग हातापायांतली ताकद जाणं, रक्तदाब चढणं, हृदयाचे ठोके चुकणं, अशा क्रमाने विषबाधा वाढते. श्वासाचे स्नायू लुळे पडले तर जीव जातो.

चीनच्या सिचुआन प्रांतात लोकांना असाच अचानक लुळेपणा येत असे. तिथे त्याला ‘पा पिंग’ म्हणत. १९४०च्या दशकात त्याचं मूळ सापडलं ते जेवणातल्या मिठात. तिथल्या मिठात बेरियम क्लोराइड होतं. अशा विषबाधेवर डॉक्टर तोंडावाटे सोडियम किंवा मॅग्नेशियमचं सल्फेट देतात आणि शिरेतून पोटॅशियम देतात. म्हणजे दहावीच्या वर्गातला तोच पांढरा साका पोटात पाडतात आणि सुट्या बेरियमला तिथेच बांधून टाकतात.

हे वाचून कुणी घाबरून नळ बंद करू नये. वर सांगितलेल्या विषबाधा एका वेळी ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त बेरियम पोटात गेल्याच्या आहेत. पाण्यात आपण मिलिग्रॅमच्या आणि त्याच्याही अंशाच्या गोष्टी बोलतो. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२च्या मानकात बेरियमची मर्यादा लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम आहे. काही घटकांना ‘दुसरा स्रोतच नसेल तर’ म्हणून थोडी सूट मिळते, बेरियमला तीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा पूर्वी ०.७च होता, आता १.३ आहे. अमेरिकेची मर्यादा २ आहे.

तीन ठिकाणी तीन आकडे पाहून लोकांना वाटतं की कुणीतरी खोटं बोलतंय. तसं नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात काही गावांना खोल वालुकाश्मातलं पाणी मिळतं, आणि त्यात बेरियम निसर्गतःच भरपूर असतं. अशा एका गावात पाण्यात लिटरमागे सरासरी ७.३ मिलिग्रॅम होतं, तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गावात ०.१. दोन्हीकडच्या लोकांचे रक्तदाब मोजले, लक्षात घेण्यासारखा फरक सापडला नाही. मग जागतिक आरोग्य संघटनेने ७.३ला सावधगिरी म्हणून दहाने भागलं आणि ०.७ काढलं. पुढे उंदरांच्या मूत्रपिंडांवर दिसलेल्या परिणामांवरून नवा हिशेब मांडला. त्यात तीनशे पटींची सावधगिरी धरली, दिवसाचं दोन लिटर पाणी धरलं, आणि १.३ आलं. १९९० साली अकरा निरोगी पुरुषांना काही आठवडे लिटरमागे ५ आणि मग १० मिलिग्रॅम बेरियमचं पाणी दिलं होतं, तेव्हाही रक्तदाब वाढला नाही.

माझं मत विचाराल तर ०.७ हीच आपली मर्यादा मानावी. अकरा धडधाकट पुरुषांचे काही आठवडे म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजीची तीस वर्षं नव्हेत, बाटलीने दूध पिणारं तान्हं बाळही नव्हे. पण कागदावर ०.९ दिसलं म्हणून संध्याकाळपर्यंत कुणी लुळं पडणार नाही. दुसरा नमुना शांतपणे घ्यायला वेळ असतो. तोवर प्यायला आणि रांधायला नळाचं पाणी घ्यावं. अंघोळ, भांडी, कपडे यांना ते पाणी बिनघोर चालतं, कारण बेरियम कातडीतून आत जात नाही म्हटलं तरी चालेल.

आता ते जमिनीत येतं कुठून? खडकांतही ते पोटॅशियमचीच जागा पटकावतं. ग्रॅनाइटमधल्या गुलाबी-पांढऱ्या फेल्डस्पार खनिजात पोटॅशियम असतं, त्याच्या काही जागांवर बेरियम बसलेलं असतं. खडक झिजला की ते सुटतं. आपल्याकडे चंद्रनाथाचा डोंगर ग्रॅनाइटचा, काणकोणच्या बाजूलाही ग्रॅनाइट आणि नाइस नावाचा पट्टेदार खडक आहे. दुसरी जागा मॅंगनीजची. सांगे-केपे पट्ट्यात मॅंगनीजचं खनिज काढलं गेलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मॅंगनीजच्या काळ्या ऑक्साइडांना बेरियमची मोठी ओढ. त्यांतल्या काही खनिजांच्या घडणीतच बेरियम असतं. जमिनीखाली हवा पोचत नाही तिथे ही ऑक्साइडं विरघळू लागतात आणि पोटात धरलेलं बेरियम सोडतात. याचा अर्थ या भागांतलं पाणी वाईट आहे असा मुळीच नाही. एवढंच, की बोअरच्या पाण्याने कपड्यांवर काळे डाग पडत असतील, टाकीत काळी साय धरत असेल, तर मॅंगनीजबरोबर बेरियमही मोजून घ्यावं.

पण खडकात असणं वेगळं आणि पाण्यात टिकणं वेगळं. या सगळ्या लेखातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथे आहे. पाण्यात सल्फेट असेल तर बेरियम सुटं राहू शकत नाही, साका होऊन बसतं. रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबाने, लिटरमागे ५० मिलिग्रॅम सल्फेट असेल तर त्या पाण्यात ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपासच बेरियम विरघळलेलं राहतं. सल्फेट १० असेल तर ०.१५च्या आसपास. आणि सल्फेट फक्त २ असेल तर ०.७, म्हणजे थेट मर्यादेपर्यंत. त्याहून कमी असेल तर त्याच्याही वर.

आपली जांभ्याची जमीन धो धो पावसाने युगानुयुगं धुतली गेली आहे. तिच्यातलं पाणी हलकं, किंचित आम्लधर्मी, क्षार कमी असलेलं. डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, पाणी गोड लागतं. झरीच्या पाण्याचं आपण कौतुक करतो ते याचसाठी, आणि ते योग्यच आहे. पण याच गोड पाण्यात सल्फेट अगदी थोडं असतं, म्हणजे खडकाने कधी बेरियम सोडलंच तर त्याला बांधून ठेवणारं कुणी नाही. ‘क्षार कमी, म्हणजे पाणी उत्तम’ एवढ्यावर बेरियमच्या बाबतीत विसंबता येत नाही. बहुतेक अहवालांत सल्फेटची ओळ असते. ती आधी वाचा. तिथे वीस-तीसच्या वर आकडा असेल तर विरघळलेलं बेरियम मर्यादेवर जाणं कठीण. दोन-तीनच असेल, तर बेरियम वेगळं मोजायला सांगा.

खोल बोअरच्या पाण्याला कधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हवा नसलेल्या जागी काही जिवाणू सल्फेट खाऊन संपवतात आणि तो वासाचा वायू सोडतात. सल्फेट संपलं की खडकातलं बांधलेलं बेरियम सल्फेटही हळूहळू विरघळू लागतं. बेरियमला स्वतःला ना रंग, ना वास, ना या प्रमाणात काही चव. म्हणून काळ्या डागांसारखीच हा वासही आपल्याला मिळणारी एक सूचना. समुद्राकाठी उलट घडतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जवळजवळ २७०० मिलिग्रॅम सल्फेट असतं, त्यामुळे खारं पाणी शिरलेल्या विहिरीत बेरियमची भीती फारशी नाही. ते पाणी पिण्याजोगं नसण्याची कारणं निराळी.

सार्वजनिक नळाचं काय? घरोघरी नळ पोचलेलं पहिलं राज्य म्हणून २०२२ साली गोव्याला प्रमाणपत्र मिळालं. आपलं बहुतेक नळाचं पाणी नद्यांचं आणि धरणांचं. ओपाच्या शुद्धीकरण प्रकल्पाला खांडेपार नदीचं, दक्षिणेला साळावली धरणाचं. वाहत्या नदीत बेरियम सहसा लिटरमागे मिलिग्रॅमचा शंभरावा-विसावा भाग इतकंच असतं, म्हणून नळाचं पाणी या बाबतीत बोअरपेक्षा भरवशाचं. मात्र शुद्धीकरण प्रकल्पातली तुरटी, वाळूची गाळणी आणि क्लोरीन हे सगळं गाळ आणि जंतूंसाठी असतं, विरघळलेलं बेरियम काढण्यासाठी नव्हे. तुरटी स्वतः सल्फेट असली तरी इतक्या विरळ पाण्यात साका फार सावकाश धरतो, त्यावर विसंबता येत नाही. मुळात कच्च्या पाण्यात बेरियम नसणं हीच नळाची खरी जमेची बाजू.

दुसरी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. जुन्या जलवाहिन्यांच्या आत लोखंड आणि मॅंगनीजचा तांबडा-काळा थर वर्षानुवर्षं बसत जातो. तो थर पाण्यातलं थोडं थोडं बेरियम, शिसं, आर्सेनिक शोषून साठवत राहतो. वाहिनी फुटून दुरुस्त झाली, दोन दिवसांनी जोरात पाणी आलं, की तो थर खरवडून निघतो. म्हणूनच पुरवठा परत सुरू झाल्यावर येणारं गढूळ तांबडं पाणी स्वच्छ होईपर्यंत झाडांना सोडावं, माठात भरू नये.

माझी खरी काळजी टँकरची. एप्रिल-मे मध्ये नळ सुकतात आणि टँकर फिरू लागतात. टँकरचं पाणी कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं, हे आपण विचारत नाही. बादली भरायची घाई असते, आणि त्या घाईत असलेल्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. हा प्रश्न पंचायतीने विचारायला हवा आणि उत्तर फलकावर लावायला हवं.

तपासणीबद्दल थोडं. गावोगावी पाणी तपासायच्या ज्या पेट्या दिल्या जातात, त्यांत आम्लता, कठीणपणा, लोह, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन अशा गोष्टी असतात. बेरियम नसतं. त्यासाठी प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र लागतं आणि ‘बेरियम’ असं नाव घेऊन मागावं लागतं. नुसतं ‘पाणी तपासा’ म्हटलं तर ते बहुधा गळतं. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. धातूंसाठीच्या नमुन्यात नायट्रिक आम्लाचे थेंब घालतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि आकडा खोटा कमी येतो.

काकींच्या बाबतीत उलट झालं होतं. मुलाने नमुना घेतला तो जूनच्या पहिल्या सरींनंतर, पंप नुकताच चालू करून. पाणी लालसर होतं, मातीसकट बाटलीत गेलं. त्या मातीतलं बेरियम आम्लाने सोडवलं आणि यंत्राने सगळं एकत्र मोजलं. अहवालात ‘एकूण’ असा बारीक शब्द होता. मी त्यांना सांगितलं, पंप वीस मिनिटं चालू द्या, पाणी निवळ झालं की घ्या, आणि ‘गाळून, विरघळलेलं’ व ‘एकूण’ असे दोन्ही आकडे मागा.

घरी करण्यासारखं काय, हेही त्यांनी विचारलंच. उकळून बेरियम जात नाही. पाणी आटतं, ते उरतं, म्हणजे उलट दाट होतं. कँडलची गाळणी आणि अतिनील दिव्याचं यंत्र यांनी जंतू अडतात, विरघळलेला धातू नाही. आरओने ते निघतं, पण बरंच पाणी वाया जातं आणि पडद्यावर बेरियम सल्फेटचा थर बसला तर आम्लानेही सुटत नाही. घरात जड पाण्यासाठीचं सॉफ्टनर असेल तर तेही चालतं. त्यातली राळ कॅल्शियमपेक्षा बेरियमला जास्त घट्ट धरते, त्यामुळे साबणाला फेस येतोय तोवर ती बेरियमही धरते आहे असं समजावं. पण ते त्याबदली पाण्यात सोडियम सोडतं, रक्तदाब असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि एक कळकळीची विनंती: सल्फेट बेरियमला बांधतं हे वाचून कुणीही माठात जुलाबाचं मीठ टाकू नये. विषबाधेचा संशय असेल तर इस्पितळ गाठायचं, घरी प्रयोग करायचे नाहीत.

काकींचा दुसरा कागद तीन आठवड्यांनी आला. विरघळलेलं बेरियम मर्यादेच्या आत, एकूणही आत. लाल शाई कुठेच नव्हती. त्या हसल्या, पेढे ठेवून गेल्या. मी मात्र कागद पुन्हा उघडून सल्फेटची ओळ पाहिली. आकडा तीनच्याही खाली होता. पावसाळ्यात वरचं ताजं पाणी झिरपून मिसळतं, मे महिन्यात बोअरमध्ये उरतं ते खोलातलं जुनं पाणी. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात १० मेच्या चौकटीत काकींच्या मुलाने ‘बोअर, तिसरी बाटली’ असं लिहून ठेवलं आहे.